चाचांचं काय होणार

माझी आत्या कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर वरच्या मजल्यावर बसत, पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन खाली पाठवत, आणि खालच्या लांबट खोलीत आत्या आणि चाचा त्या मापावरून माणसाला पुन्हा हसता-चावता येईल अशी सोय करत. पाटीवर नाव डॉक्टरांचं होतं, पण गल्ली ओळखायची ती आत्याला. दातवाल्या बाई कुठं राहतात म्हणून विचारलं की भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत कुणीही बोट दाखवायचं.

तिनं लग्न केलं नव्हतं. का, म्हणून कुणी विचारलं तर म्हणायची, "मी सगळ्यांची तोंडं आतून बघितली आहेत." बुटकी, गोल, चष्म्याच्या काचांवर कायम प्लास्टरची पांढरी धूळ. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघायची, त्यामुळे नवख्या माणसाचा हात आपोआप मिशीवरून फिरायचा. कामात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गुलाबी मेणात ती एकेक दात बसवायची आणि समोरचा एक दात मुद्दाम केसभर तिरका ठेवायची. "सगळे सरळ बसवले की माणूस खोटा दिसतो," असं तिचं म्हणणं.

रविवारी तिची ओळख वेगळी असायची. चर्चच्या मागच्या खोलीत ती संडे स्कूल, म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग, घ्यायची, तीस वर्षं. चर्चच्या मंडळीतली निम्मी माणसं तिच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे टक्कल पडलेले, मुलंबाळं असलेलेसुद्धा तिला टीचरच म्हणायचे.

चाचा म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचे कारागीर. उंच, वाळके, कानावर पेन्सिल. ते मुसलमान. आत्यानं मेणात दात लावले की मेण उकळत्या पाण्यानं वितळवून काढायचं, त्या जागी कवळीचं गुलाबी मिश्रण भरायचं, ते शिजवायचं, मग कानशीनं घासून, मशीनवर धरून चकाकी आणायची, हे सगळं त्यांच्याकडे. बावीस वर्षं दोघं शेजारी शेजारी बसत होते. दुपारी प्लास्टरच्या पोत्यांमागं चटई अंथरून चाचा नमाज पढायचे. तेवढा वेळ आत्या मशीन बंद ठेवायची आणि कुणी मोठ्यानं बोललं तर त्याच्याकडे नुसतं बघायची. ती स्वतः काम करताना चर्चमधली गीतं गुणगुणायची. एखादं कडवं अडलं की चाचा शब्द न उच्चारता पुढची चाल गुणगुणून द्यायचे, की आत्याला ओळ आठवायची.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आई हॉस्पिटलात नर्स, बाबा बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये, म्हणून शाळा सुटल्यावर संध्याकाळपर्यंत माझा मुक्काम त्या खोलीत. अभ्यास संपला की चाचा उरलेल्या मेणाचा घोडा किंवा हत्ती करून द्यायचे. घोडा कधीकधी कुत्र्यासारखा व्हायचा, पण त्यांच्यासमोर मी तसं म्हणायचे नाही.

त्या रविवारी धडा तारणाचा, म्हणजे पापातून सुटून स्वर्गात जाण्याचा होता. आत्यानं फळ्यावर क्रूस काढला आणि दरवर्षीसारखं सांगितलं, की देवाकडे जायचा मार्ग प्रभू येशू आहे आणि जो त्याच्यावर विश्वास ठेवतो त्याचं तारण होतं. मी हात वर केला.

"मग चाचांचं काय होणार?"

"कुठल्या चाचांचं?" आत्यानं विचारलं. तिला कळलं होतं.

"आपल्या."

तिनं खडू फळ्याच्या कडेला ठेवला, पुन्हा उचलला. "जे प्रभूवर विश्वास ठेवतात त्यांचं तारण होतं," ती म्हणाली.

"म्हणजे चाचांचं नाही."

"पुढचा भाग कोण वाचणार?" आत्या वर्गाकडे बघत म्हणाली.

ती प्रश्न टाळणाऱ्यांतली नव्हती. तिनं हा टाळला, त्यावरून मी काय ते समजले. सोमवारी खोलीत गेले तेव्हा चाचांनी मेणाचा गोळा हातात घेतलाच होता.

"आज काय, घोडा की हत्ती?"

"काही नको. चाचा, तुम्ही स्वर्गात जाणार नाही. आत्या म्हणाली."

पाण्याच्या भांड्यावरचं झाकण तेवढं खडखडत होतं. आत्याची मेणाची सुरी दिव्यावर होती ती तिथंच राहिली, आणि तिच्यावरून मेणाचा एक टपोरा थेंब कुणाच्या तरी तयार जबड्यावर पडला.

"असं?" चाचा म्हणाले. "मग तिथं तुला घोडे कोण करून देणार?"

"म्हणूनच तर मी विचारलं," असं म्हणून मी भोकाड पसरलं.

चाचांनी मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि मला गप्प करण्यापुरता एक घोडा केलाच. मी नाक पुसत असताना आत्या त्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"भाई, माफ करा."

"कशाबद्दल?"

"मी तसं म्हटलं नव्हतं. म्हणजे म्हटलं होतं, पण तुमचं नाव घेऊन नाही."

"नाव घ्यायला हरकत नव्हती," चाचा म्हणाले. "बावीस वर्षांची ओळख आहे."

आत्याचं तोंड आणखीनच उतरलं. तेव्हा चाचांनी कानशी खाली ठेवली. "ताई, खरं सांगू का? आमच्यातले काहीजणही तुमच्याबद्दल फारसं आशादायक बोलत नाहीत."

आत्या थबकली. "म्हणजे तुमच्या लोकांच्या मते मी जाणार नाही?"

"काहींच्या मते."

"आणि तुमच्या मते?"

"मी पॉलिशचं काम करतो, ताई. हे खातं माझ्याकडे नाही."

आधी आत्याच्या नाकातून आवाज आला, मग ती टेबलाला धरून हसायला लागली, आणि मग चाचाही. त्यांचं हसणं इतकं वाढलं की डॉक्टर जिन्यावरून डोकावले आणि काय झालं म्हणून विचारू लागले. "काही नाही, डॉक्टर," चाचा डोळे पुसत म्हणाले, "आम्ही दोघं नरकात निघालोय. तुम्ही येताय का?"

मला मात्र यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. पुढच्या रविवारी मी पांघरुणातून बाहेरच आले नाही. आत्या मला न्यायला आली होती. "चाचा येणार नसतील तर मीही येणार नाही," मी आतून म्हटलं.

"कुठं? संडे स्कूलला की स्वर्गात?"

"दोन्हीकडे."

त्या दिवशी दुपारी जेवायला बसल्यावर बाबांनी विषय काढला. बाबा आत्याचे धाकटे भाऊ. चर्चला वर्षातून दोनदा जायचे, तेही आईनं कपडे काढून ठेवले तर. "ताई, पोरीच्या डोक्यात कशाला हे भरवतेस?" ते म्हणाले. "सगळे देव एकच आहेत. सगळे रस्ते एकाच ठिकाणी जातात."

"तुला सगळ्या रस्त्यांचं माहीत?" आत्या म्हणाली. "तू तर एकावरसुद्धा चालत नाहीस."

आईनं हसू लपवायला पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. आत्या हसली नाही. बाबांचं म्हणणं खरं असतं तर तिची सुटका झाली असती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं ते चाचांना सांगितलं.

चाचांना ते अजिबात आवडलं नाही. "एकच कसं? मग मी महिनाभर रोजे धरतो ते काय वजन कमी करायला? येशूला आम्ही पैगंबर मानतो, मोठे मानतो. तुम्ही देवाचा पुत्र मानता. हा काय लहान फरक झाला? तुमच्या भावाला सांगा, आमचा वाद इतक्या स्वस्तात मिटवू नका."

"मीही तेच म्हटलं," आत्या म्हणाली, आणि दोघंही बराच वेळ खुशीत काम करत राहिले. प्रश्न मात्र होता तिथंच होता.

मग ती चर्चच्या पाळकांकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे गेली. पाळक नवे होते, तरुण होते, आणि चर्चच्या स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करत बेसिनखाली आडवे झाले होते. आत्यानं त्यांच्यासाठी टॉर्च धरला आणि सगळी हकिगत सांगितली. मी दारात उभी होते.

"टीचर," पाळक बेसिनखालून म्हणाले, "तारण ख्रिस्तामुळेच होतं. ह्यात मी इकडचं तिकडं करणार नाही. पण ख्रिस्तानं कुणाकुणाला तारावं ह्याची हद्द आखणारा मी कोण? आपल्या रजिस्टरात ज्यांची नावं तेवढीच त्याची माणसं, असं कुठं लिहिलंय? परक्या सैन्यातल्या एका अधिकाऱ्याचा विश्वास बघून प्रभूनंच म्हटलं होतं ना, की असा विश्वास मला आपल्या लोकांतसुद्धा दिसला नाही? पाना द्या जरा."

आत्यानं पाना दिला. "मग आपण सांगत कशाला फिरायचं? सगळे आपोआपच पोचणार असतील तर?"

"सगळे पोचणार असं मी म्हटलं नाही. आणि सांगायचं ते बातमी चांगली आहे म्हणून. लोकांचे निकाल वाचून दाखवायचं काम आपल्याला कुणी दिलेलं नाही."

एवढं म्हणून त्यांनी पाना फिरवला आणि पाण्याची धार सरळ त्यांच्या तोंडावर आली. आत्यानं त्यांना टॉवेल दिला आणि हलक्या मनानं घरी आली. सोमवारी चाचांना सांगायची तिला कोण घाई.

चाचा हातातली कवळी ओल्या पावडरवर घासत ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी मशीन बंद केलं. "म्हणजे मी माझ्या नकळत तुमच्या प्रभूचाच माणूस असू शकतो?"

"असू शकता, असं पाळक म्हणतात."

"मला न विचारता?"

आत्यानं हातातली मेणाची सुरी खाली ठेवली.

"उद्या मी म्हटलं की ताई, तुम्ही नकळत मुसलमानच आहात, तर?"

आत्यानं थोडा विचार केला. "राग येईल मला," ती प्रामाणिकपणे म्हणाली.

"मलाही थोडा आला. पाळकांना माझा सलाम सांगा. मन मोठं आहे माणसाचं. पण मी जो आहे तो समजून उमजून आहे. उद्या वर मला कुणी आत घेतलंच, तर मला मी म्हणून घ्यावं."

त्यानंतर आठवडाभर आत्या गप्प होती. गाणं नाही, गुणगुणणं नाही. चाचांनी एकदोनदा मुद्दाम चाल लावून पाहिली, पण ती पुढं काही म्हणेना.

पुढच्या रविवारी आईनं मला चर्चपर्यंत ओढत नेलं, पण वर्गात मी गेले नाही. मागच्या खोलीच्या पायरीवर बसून राहिले. दार उघडं होतं. आत बेकरीवाल्याची मुलगी, माझ्याच बाकावरची, उभी राहिली आणि म्हणाली, "टीचर, तिच्या चाचांचं काय होणार ते तुम्ही सांगितलंच नाही."

"मला माहीत नाही," आत्या म्हणाली.

मागच्या बाकावरच्या मुलांनीही माना वर केल्या.

"मला जे माहीत आहे ते सांगते. प्रभू येशूनं माझ्यासाठी जीव दिला, हे मला माहीत आहे. त्याच्याशिवाय मला दुसरा आधार नाही, हेही माहीत आहे. म्हणून मी त्याच्याबद्दल तुम्हाला सांगते, आणि मरेपर्यंत सांगेन. चाचांचं काय होणार हे मात्र मला कुणी सांगितलेलं नाही. पण ते ज्याच्या हातात आहे त्याला मी ओळखते. तो अन्याय करणार नाही. आणि माझा चाचांवर जितका जीव आहे त्याहून त्याचा जास्त आहे. ह्याच्या पुढचं टीचरला येत नाही."

मी पायरीवरून उठले आणि आत जाऊन बसले. मला सगळं पटलं होतं असं नाही. पण आत्याला एखादी गोष्ट येत नाही हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते, आणि पुढं काय होतं ते मला बघायचं होतं.

व्हायचं ते झालं. मुलं घरी गेली, घरी जाऊन बोलली, आणि बुधवारी आत्याच्या हातात चिठ्ठी पडली. येत्या रविवारी उपासनेनंतर कमिटीची बैठक, विषय संडे स्कूलमधली शिकवण, टीचरनी हजर राहावं. खाली सही हेडमास्तरांची.

हेडमास्तर म्हणजे चर्चच्या कमिटीचे प्रमुख. निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, तरी त्यांची चाहूल लागली की लोक सरळ बसायचे. आत्याला गणित त्यांनीच शिकवलेलं. देवाच्या बाबतीत त्यांना 'बहुतेक' हा शब्द चालत नसे. आत्या म्हणाली, "काढलं तर काढलं. रविवारी उशिरापर्यंत झोपेन." पण त्या दिवशी तिनं एका बाईच्या खालच्या जबड्याला वरचे दात लावले, आणि चाचांनी ते न बोलता परत तिच्या टेबलावर ठेवले.

शनिवारी दुपारी खोलीचं दार लोटून स्वतः हेडमास्तरच आत आले. एका हातानं तोंड झाकलेलं, दुसऱ्या हातात रुमालाची पुरचुंडी. रुमालात त्यांच्या कवळीचे दोन तुकडे होते. सकाळी धुताना हातातून निसटली आणि बेसिनवर आपटली. रविवारी चर्चमध्ये शास्त्रवाचन, म्हणजे बायबल मोठ्यानं वाचणं, त्यांच्याकडे होतं आणि डॉक्टर गावाला गेले होते.

चाचांनी तुकडे जुळवून उजेडाकडे धरले. "ही आमचीच आहे," ते म्हणाले. "नऊ वर्षं झाली. दीड तास लागेल, सर. बसा."

हेडमास्तर माझ्या स्टुलावर बसले. दातांशिवाय त्यांचा चेहरा निम्मा झाला होता आणि शब्द हवेसारखे फसफसत बाहेर पडत होते. ते मी इथं तसे लिहीत नाही. चाचांनी तुकडे मेणानं चिकटवले, मागून प्लास्टर ओतलं. प्लास्टर घट्ट होईपर्यंत कुणाला काही काम नव्हतं.

"उद्याचं तुला कळलंय," हेडमास्तर आत्याला म्हणाले.

"हो, सर."

"ते गृहस्थ म्हणजे हेच का?"

"हो सर, मीच तो," चाचा पाठ न वळवता म्हणाले.

हेडमास्तरांचा हात पुन्हा तोंडाकडे गेला. "तुमच्याविषयी माझ्या मनात काही नाही," ते चाचांना म्हणाले.

"माहीत आहे, सर."

मग हेडमास्तर आत्याकडे वळले. "तुला मी कठोर वाटत असेन. मी सतरा वर्षांचा असताना ख्रिस्ती झालो. आई झाली नाही. शेवटपर्यंत स्वतःच्या देवांना हात जोडत राहिली. पण रविवारी मला उठवायची तीच, चर्चला उशीर होईल म्हणून. माझे बूट पुसून दाराशी ठेवायची. आणि मी काय केलं? ती देवांपुढं बसली की मी तिच्याकडे पाठ करून बसायचो. तिनं माझं ऐकावं म्हणून दोन-दोन दिवस जेवायचो नाही. ती गेली त्याला साठ वर्षं झाली. 'माहीत नाही' म्हणणं तुला सोपं आहे. मी तसं म्हटलं, तर मग तिला एवढं छळलं ते कशासाठी?"

आत्या स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली. ह्या वेळी ती त्यांच्या ओठांकडे बघत नव्हती. "सर, तुम्ही आईंसाठी प्रार्थना करता?"

"गेलेल्यांसाठी आपल्यात करत नाहीत. तुला माहीत आहे."

"करत नाहीत, ते माहीत आहे. तुम्ही करता का?"

हेडमास्तरांनी रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"रोज," ते म्हणाले.

चाचा उठले आणि प्लास्टर घट्ट झालं का ते बघायला लागले. त्यानंतरचा सगळा वेळ भरणं, शिजवणं आणि घासणं यात गेला. शेवटी त्यांनी कवळी थंड पाण्यात बुडवून हेडमास्तरांच्या हातात दिली आणि निळ्या कागदाचा तुकडा पुढं केला. "घाला, आणि ह्यावर दाबून बघा, सर."

हेडमास्तरांनी कागद चावला. चाचांनी निळे डाग बघून एका ठिकाणी किंचित घासलं, पुन्हा दिली. ह्या वेळी चेहरा भरून आला आणि आवाजाला जुनी धार परत मिळाली. "उपकार झाले," ते म्हणाले, अगदी स्पष्ट.

"आईंचं नाव काय होतं, सर?" चाचांनी विचारलं.

हेडमास्तरांनी सांगितलं. मंडळीत ते नाव कधी कुणी ऐकलं नसेल. चाचांनी ते एकदा स्वतःशी उच्चारलं, नीट म्हटलं ना याची खात्री करावी तसं, आणि हेडमास्तरांना दारापर्यंत सोडायला गेले.

बैठकीला मुलांना बसू देत नाहीत, त्यामुळे तिथं काय झालं ते मला आत्याकडून आणि नंतर पाळकांकडून कळलं. दोघंतिघं तावातावानं बोलले. असं चाललं तर मुलांना धर्म कशाशी खातात तेही कळायचं नाही, असा एकाचा मुद्दा होता. सगळ्यांचं झाल्यावर हेडमास्तर उठले.

"येशूशिवाय तारण नाही, असं मी मानतो," ते म्हणाले. "उद्याही मानणार. टीचरनं त्याच्या उलट काही शिकवलेलं नाही. तिनं एवढंच म्हटलं, की एका माणसाचा निकाल तिला माहीत नाही. मलाही माहीत नाही. एका माणसाच्या बाबतीत तो माहीत असल्यासारखं मी साठ वर्षं वागलो, आणि त्यानं कुणाचं भलं झालं नाही. चाळीस वर्षांच्या नोकरीत, येत नाही म्हणणाऱ्या पोराला मी कधी छडी मारली नाही. येतंय असं सोंग करणाऱ्याला मारली. पुढचा विषय घ्या. छप्पर."

पाळकांना बैठकीच्या वहीत काय लिहावं ते कळेना. त्यांनी 'चर्चा झाली' एवढंच लिहिलं आणि सगळे छपराकडे वळले.

"म्हणजे शेवटी ठरलं काय?" घरी बाबांनी विचारलं.

"काही नाही ठरलं," आत्या म्हणाली. ती त्या दिवशी दोनदा वाढून घेऊन जेवली.

सोमवारी ती मशीनच्या आवाजावर आवाज चढवून गात होती आणि कडवं मध्येच विसरली. चाचांनी चाल पुरवली. हेडमास्तर त्यानंतर दर महिन्या-दोन महिन्यांनी यायला लागले. कवळी कुठंतरी टोचतेय, असं म्हणायचे. कवळीत काही नसायचं. चाचा उगाच चार फेरे मशीनवर धरून परत द्यायचे, आणि मग तिघं चहा घ्यायचे. एकदा तर धर्मावरून हेडमास्तर आणि चाचांची इतकी जुंपली की वरून डॉक्टरांनी जमिनीवर पाय आपटला. आत्या त्या वेळी कुणाच्याच बाजूनं बोलली नाही. तिला दुसऱ्या दिवशी एक पूर्ण सेट द्यायचा होता.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. हेडमास्तर गेले. चाचांची नजर मंदावल्यावर त्यांनी काम सोडलं, पाठोपाठ आत्यानंही. संडे स्कूल मात्र तिनं सोडलं नाही. तो तारणाचा धडा ती अजून घेते, मार्ग कोणता ते आधी ठणकावून सांगते, आणि कुणी हात वर केला की जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगते. दर गुरुवारी मी तिला गाडीनं चाचांकडे सोडते.

मी एकदा तिला विचारलं होतं, की चाचांनी प्रभूला ओळखावं असं तुला अजून वाटतं का.

"वाटतं की," ती म्हणाली. "जे मला सगळ्यात चांगलं मिळालं, ते त्यांना मिळू नये असं कसं वाटेल? रोज मागते."

"त्यांना माहीत आहे?"

"त्यांनीच एकदा विचारलं. खोटं कशाला बोलू? सांगितलं. तर म्हणाले, 'बरं झालं सांगितलंत. मीही तुमच्यासाठी तेच मागतो, आमच्या बाजूनं.' मग मला जरा बरं वाटलं."

गेल्या गुरुवारी चाचा खाटेवर उशीला टेकून बसले होते. आत्या खुर्चीत. दोघांचेही आता स्वतःचे दात उरलेले नाहीत, आणि एकमेकांच्या कवळ्यांना नावं ठेवणं हा त्यांचा पहिला अर्धा तास असतो. तो संपल्यावर चाचांनी विचारलं, "ताई, माझा अर्ज चालू आहे ना अजून?"

"चालू आहे. माझा?"

"दिवसातून पाच वेळा."

आत्या जरा ओशाळली. "माझा दोनदाच होतो. सकाळी आणि झोपताना."

"मग वाढवा की," चाचा म्हणाले. "निवृत्त माणसाला काय काम असतं?"

तेव्हापासून आत्या दुपारीही प्रार्थना करते. जेवण झालं की खुर्ची खिडकीकडे वळवते, चष्मा काढून मांडीवर ठेवते आणि डोळे मिटते. कधीकधी तिला तिथंच झोप लागते.